खोकणारा जिमी: डिचोलीतल्या एका हृदयरोगी कुत्र्याचं प्रकरण

जिमी हा गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका घरचा नर स्पिट्झ, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात तो. वय 11 वर्षं, वजन 9 किलो, त्यातला दीडेक किलो नुसती चरबी. रेबीजची आणि इतर लसी वेळच्या वेळी टोचलेल्या. मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून खोकतोय एवढीच तक्रार होती. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका पहाटे तो पुढचे पाय फाकवून, मान लांब करून, धापा टाकत उभा दिसला. बसवला की उठायचा, आडवा पडायला तर तयारच नाही. तेव्हा त्याला गाडीत घालून दवाखान्यात आणलं.

खोकला चार महिन्यांचा, जिवावरचं संकट मात्र काही तासांचं. चार महिने घरच्यांनी खोकल्याकडे पुरेपूर लक्ष दिलं आणि श्वासाकडे कुणी पाहिलंच नाही. हृदयाच्या आजारात खोकला ऐकू येतो म्हणून तोच मनात बसतो. फुफ्फुसात पाणी साठतंय की नाही हे मात्र झोपेतल्या श्वासाच्या वेगावरून कळतं. पुढे औषधाची मोठी गल्लत झाली तीही या दोहोंची सरमिसळ केल्यामुळेच.

खाली दिलेले डोस 9 किलोच्या या एका कुत्र्याचे आहेत, त्याच्या तपासण्या बघून ठरवलेले. ते दुसऱ्या कुत्र्याला लावू नयेत.

आधीचे चार महिने

सुरुवातीला खोकला फक्त सकाळी यायचा. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, पों-पों हॉर्न वाजला की जिमी फाटकापर्यंत भुंकत धावायचा आणि तिथंच पाच-सहा कोरडे ठसके द्यायचा. शेवटी ओकारी आल्यासारखा आवाज आणि जिभेवर थोडा पांढरा फेस. घरच्यांना वाटलं घशात बांगड्याचा काटा अडकला. बऱ्याच घरी हेच वाटतं. खरी उलटी असते तेव्हा आधी पोट जोरजोरानं आत-बाहेर होतं आणि अन्न किंवा पित्त पडतं. खोकल्याच्या शेवटची ओकारी ही घशातला कफ वर ढकलण्याची असते. इथं एक गोष्ट मध्येच सांगून टाकलेली बरी: लस न टोचलेला किंवा लसीचा पत्ता नसलेला कुत्रा हाड अडकल्यासारखं करत असेल, लाळ गाळत असेल, तर त्याच्या तोंडात हात घालू नका. रेबीज अगदी असाच दिसू शकतो.

पहिला इलाज डॉक्सीसायक्लिनचा झाला. ते चुकीचं नव्हतं. पावसाळ्यात कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला फिरत असतो. तो बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो, आणि औषध लागलंच तर हेच देतात. पण महिनाभरानंतरही खोकला तसाच असताना दुसरं अँटिबायोटिक सुरू झालं. तिथं थांबून छातीचा एक्स-रे काढायला हवा होता. मग घरातलंच माणसांचं खोकल्याचं सिरप चमचा-चमचा दिलं गेलं. अशा सिरपांत कधी पॅरासिटामॉल असतं, कधी नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन किंवा फेनिलएफ्रिन. हृदय आधीच धावत असताना ही शेवटची दोन म्हणजे आगीत तेल. ‘शुगर फ्री’ बाटलीत झायलिटॉल असलं तर कुत्र्याची साखर एकदम खाली येते.

शेवटी प्रेडनिसोलोन आलं आणि खोकला आठवडाभर खरोखरच कमी झाला. स्टेरॉइडनं श्वासनलिकेची सूज उतरते, म्हणून खोकला दबतो. त्याच वेळी अंगात पाणी आणि मीठ धरून राहतं, तहान वाढते, आणि निकामी होऊ घातलेल्या हृदयावरचा बोजा वाढतो. स्टेरॉइडनं खोकला थांबला म्हणून आजार फुफ्फुसाचाच, असा निष्कर्ष काढता येत नाही.

लसीच्या कार्डावर दोन वर्षांपूर्वीची एक नोंद होती: ‘मर्मर’. पुढं काहीच नाही. लहान जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या हृदयात अशी सुरसुर, म्हणजे मर्मर, ऐकू आली, तर त्याच महिन्यात छातीचा एक्स-रे आणि जमल्यास इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदय वाढलंय का ते बघायला हवं. वाढलेलं असेल आणि कुत्रा वरून ठणठणीत असेल, तर त्याच टप्प्यावर पिमोबेंडान हे हृदयाला बळ देणारं औषध सुरू करतात. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत अशा कुत्र्यांची हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सव्वा वर्षाच्या आसपास पुढं गेली होती. जिमीच्या बाबतीत ती संधी हुकली.

त्या पहाटे

हिरड्या करड्या-गुलाबी. ताप नाही, 101.4 फॅरनहाइट. श्वास मिनिटाला 64, त्यात पोटाचा जोर लागतोय. ठोके 168, घड्याळासारखे एकसारखे. हे ‘एकसारखे’ महत्त्वाचं आहे. निरोगी कुत्र्याचे, किंवा नुसत्या श्वासनलिकेच्या आजारात खोकणाऱ्या कुत्र्याचे ठोके श्वासाबरोबर कमी-जास्त होत राहतात. हृदय निकामी झालं की ती लय मोडते आणि ठोके जलद, सपाट चालतात. डाव्या बाजूला, कोपर छातीला टेकतं तिथं 6 पैकी 5 दर्जाचा मर्मर. हात ठेवला तर तळव्याला थरथर जाणवावी इतका. दोन्ही फुफ्फुसांत मागच्या बाजूला बारीक चरचर.

एवढ्यावर निदान पुरेसं होतं. अशा कुत्र्याला आधी एक्स-रेच्या टेबलावर उताणं पाडणं म्हणजे टेबलावरच तो गमावणं. आधी फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीवाटे अंगातलं पाणी काढणारं औषध. किलोला 2 मिग्रॅ प्रमाणे 18 मिग्रॅ, म्हणजे मिलीला 10 मिग्रॅचं इंजेक्शन 1.8 मिली. पायाची शीर शोधताना तो झगडायला लागला म्हणून पहिलं स्नायूतच दिलं. घाबरलेपणासाठी ब्युटॉर्फेनॉलचा छोटा डोस. तोंडासमोर ऑक्सिजन, पंखा, खोलीत दोनच माणसं, आणि हात लावायचा तो फक्त गरजेपुरता. पाण्याची वाटी समोर ठेवली. पाणी काढायचं औषध देतोय म्हणून प्यायचं पाणी तोडायचं नसतं.

दर पंधरा मिनिटांनी श्वास मोजले. तासाभरात 64 वरून 50. दुसरं इंजेक्शन, तेवढंच. दोनदा भरपूर लघवी झाली. दुपारी श्वास 36, आणि पहिल्यांदा तो पोटावर बसून हनुवटी टेकून झोपला. तेव्हा कुठं एक्स-रे काढला: एक कुशीवरचा, एक पालथा ठेवून.

त्यात हृदय मणक्यांच्या मापानं 12.1 भरलं. हृदयाची लांबी आणि रुंदी छातीच्या चौथ्या मणक्यापासून पुढच्या मणक्यांवर मोजून बेरीज करतात. बहुतेक जातींत ती 10.5 च्या आत असते. फुगलेल्या डाव्या वरच्या कप्प्यानं श्वासनलिका पाठीकडे उचललेली, डावी मोठी शाखा दाबलेली. हृदयाच्या मागच्या बाजूला फुफ्फुसात ढगाळ पांढुरकेपणा, म्हणजे पाणी. शिवाय मानेतली श्वासनलिका श्वास आत घेताना चपटी होत होती.

म्हणजे जिमीला खोकल्याची कारणं तीन होती आणि तिन्ही एकाच वेळी. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली, जाड होऊन नीट मिटत नव्हती. दर ठोक्याला रक्त मागं डाव्या कप्प्यात उडत होतं, आणि कप्पा फुगून वरच्या श्वासनलिकेवर रेलत होता. दुसरं, मानेतली नलिका मऊ पडलेली. तिसरं, त्या आठवड्यात फुफ्फुसात उतरलेलं पाणी. पहिली दोन कारणं महिनोन् महिने खोकला देतात पण सहसा तडकाफडकी मारत नाहीत. तिसरं एका रात्रीत मारतं, आणि त्यात खोकला अगदी किरकोळ असू शकतो.

रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की हा आकडा वाढतो) 1.2, पोटॅशियम 4.3, हिमोग्लोबिन चांगलं. गोव्यात गोचीड-ताप कुत्र्याकुत्र्याला असल्यामुळे एर्लिकिया आणि बबेसियाची तपासणी हवीच होती. रक्त कमी झालं की कुठलंही हृदय लवकर थकतं. दोन्ही निगेटिव्ह. रक्ताच्या थेंबात मायक्रोफायलेरिया, म्हणजे डासांवाटे पसरणाऱ्या कृमींची पिल्लं, दिसली नाहीत, हार्टवर्मची (हृदयात राहणाऱ्या कृमीची) अँटिजेन चाचणीही निगेटिव्ह. डास बारा महिने असणाऱ्या किनारपट्टीत ही चाचणी वगळू नये. इको दहा दिवसांनी, कुत्रा स्थिर झाल्यावर पणजीत झाला. डावा कप्पा महाधमनीच्या 2.1 पट, 1.6 च्या वर गेला की वाढलेला धरतात. आजाराचा टप्पा ‘सी’: हृदय निकामी झालंय, पण औषधाला दाद देतंय.

घरचं वेळापत्रक

चार औषधं ठरली. फ्युरोसेमाइड 40 मिग्रॅची अर्धी गोळी दोनदा. पिमोबेंडान 2.5 मिग्रॅ दोनदा. एनालाप्रिल 5 मिग्रॅ दोनदा. स्पायरोनोलॅक्टोन 25 मिग्रॅची अर्धी गोळी दोनदा. म्हणजे दिवसाला आठ वेळा तोंडात काहीतरी घालायचं. घरात हे कोण करणार, हा प्रश्न गोळ्यांइतकाच महत्त्वाचा. सुनेनं ते अंगावर घेतलं.

पिमोबेंडान रिकाम्या पोटी, खाण्याच्या तासभर आधी. अन्नाबरोबर दिलं की त्याचं शोषण कमी होतं. म्हणून सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी साडेसहाला ती एकच गोळी, जिभेच्या मुळाशी ठेवून, तोंड मिटून, गळा चोळून. वर सिरिंजनं 3-4 मिली पाणी गालाच्या फटीतून. साडेसातला जेवण आणि बाकीच्या तीन गोळ्या. फ्युरोसेमाइडनंतर काही तास लघवी लागत राहते. रात्रीचा डोस उशिरा दिला तर माणसाची आणि कुत्र्याची दोघांची झोप मोडते, आणि अंथरुणात लघवी झाली म्हणून म्हातारा कुत्रा उगाच बोलणी खातो.

अर्ध्या गोळ्या सुरीनं कापल्या की एक तुकडा मोठा, एक छोटा, आणि थोडा चुरा होतो. मेडिकलमध्ये गोळी कापायची डबी मिळते, ती घ्यावी. पावसाळ्यात कापलेली अर्धी गोळी उघडी ठेवली की दोन दिवसांत ओलसर होते, म्हणून एका वेळी आठवड्याच्या गोळ्या कापून ठेवायच्या नाहीत. पुढच्या डोसपुरत्याच कापाव्यात. एखादा डोस चुकला आणि चार-पाच तासांत आठवला तर द्यावा. पुढच्या डोसची वेळ आली असेल तर सोडून द्यावा. दुप्पट कधीच नाही.

गोळी कशात लपवायची? घरात सवयीनं पावाचा लगदा किंवा चीजचा तुकडा. दोन्हीत मीठ आहे आणि दिवसाला सहा वेळा ते पोटात जातं. उकडलेल्या कोंबडीचा तुकडा, उकडलेल्या अंड्याचा पिवळा भाग, नाहीतर पिकलेल्या केळ्याचं बोटभर पेर एवढ्यावर भागतं.

श्वास मोजणं

कुत्रा गाढ झोपलेला हवा. स्वप्नात पाय हलवत असेल, जीभ बाहेर काढून हाहा करत असेल, किंवा नुकता फिरून आला असेल तर तो आकडा धरायचा नाही. बरगड्या वर येऊन खाली गेल्या की एक श्वास. काहीजण वर एक, खाली दोन असं मोजतात आणि 24 चे 48 करून रात्री बाराला डॉक्टरांना उठवतात. मोबाइलवर 30 सेकंद लावून मोजा, दोननं गुणा. जिमीचा केसांचा झुबका मोठा असल्यामुळे लांबून बरगड्या दिसत नसत. सून त्याच्या कुशीवर सुपारीचं एक सुकं पान ठेवायची आणि पानाचं हलणं मोजायची.

आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा. पहिले दोन आठवडे रोज दोनदा, मग रोज एकदा. स्थिर झाल्यावर जिमीचा स्वतःचा आकडा 20 ते 24 ठरला. 30 च्या वर गेला तर अर्ध्या तासानं पुन्हा मोजायचं. पुन्हा 30 च्या वर आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. 40 च्या वर, किंवा कमी असूनही पोटाचा जोर दिसत असेल, तर ठरवून दिलेला फ्युरोसेमाइडचा एक जादा डोस द्यायचा आणि गाडी काढायची. सावकाश चढणारा आकडाही तितकाच बोलका असतो. 22, 23, 26, 28 अशी चार दिवसांची रांग 30 च्या आत असली तरी ती फोन करण्यासारखीच.

तिसऱ्या आठवड्यातली गल्लत

दिवाळीच्या सुमारास खोकला पुन्हा वाढला. नरकासुराच्या रात्री फटाके, ढोल, धूर आणि जिमीचं भुंकणं. दुसऱ्या दिवसापासून दिवसाला पंधरा-वीस उबळी. घरच्यांनी सरळ हिशोब केला: खोकला म्हणजे पाणी, पाणी म्हणजे फ्युरोसेमाइड. अर्धीची अख्खी गोळी झाली, दोन्ही वेळा. म्हणजे दिवसाला 80 मिग्रॅ, किलोला जवळजवळ 9. एवढा डोस आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या कुत्र्यांना लागतो.

कॅलेंडरवर त्या दिवसांचे आकडे होते: 22, 20, 22, 24, 20. फुफ्फुसात पाणी नव्हतंच.

पाचव्या दिवशी त्यानं खाणं सोडलं. वजन 8.3 किलो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती, हिरड्या चिकट. क्रिएटिनिन 2.6, पोटॅशियम 3.2. खोकला तसाच्या तसा, कारण औषध ज्या कारणावर दिलं ते कारण खोकल्यामागे त्या वेळी नव्हतं.

“डॉक्टर, निदान एक सलाईन तरी लावा,” असा घरच्यांचा आग्रह होता.

“काकी, सलाईन जोरात सोडलं तर परवापर्यंत ह्याच्या फुफ्फुसात पुन्हा पाणी. तोंडानं पाजूया, वेळ लागेल.”

फ्युरोसेमाइडचे दोन डोस पूर्ण वगळले, मग पुन्हा अर्धी गोळी. एनालाप्रिल आठवडाभर बंद, कारण मूत्रपिंडाला रक्त कमी पडत असताना हे औषध त्यावरचा दाब आणखी उतरवतं. पिमोबेंडान सुरूच ठेवलं, ते थांबवायचं कारण नव्हतं. बिनमिठाची पातळ पेज, कोंबडीचं बिनमिठाचं पाणी, दर दोन तासांनी थोडं थोडं. आणि दर तीन तासांनी श्वासाची मोजणी, कारण या वेळी दोन्ही बाजूंना खड्डा होता. चौथ्या दिवशी क्रिएटिनिन 1.9, दोन आठवड्यांनी 1.4. मग एनालाप्रिल अर्ध्या डोसनं परत.

शेजारून याच दिवसांत गुडघेदुखीची गोळी सुचवली गेली होती, जिमी उठताना लंगडतो म्हणून. ती दिली गेली नाही हे नशीब. मेलॉक्सिकॅमसारखी वेदनाशामकं, फ्युरोसेमाइड आणि एनालाप्रिल ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंड बसायला फार वेळ लागत नाही.

खोकल्याचा खोकला म्हणून इलाज

श्वास 24 च्या आत असताना येणारा खोकला हा दाबलेल्या आणि मऊ पडलेल्या नळीचा. तो पूर्ण जाणार नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगावं लागलं. झोप आणि खाणं मोडणार नाही एवढा कमी करायचा.

गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस, पुढून इंग्रजी वायच्या आकाराचा, ज्याचा कुठलाही बंद गळ्यावर येत नाही. सकाळी सव्वासहाला जिमीला मागच्या पडवीत न्यायचं आणि पोदेर गेल्यावरच पुढं आणायचं. ह्या एका बदलानं सकाळच्या उबळी निम्म्यावर आल्या. न्हाणीतल्या चुलीचा धूर तो झोपायच्या खोलीत यायचा. त्याची जागा पुढच्या खोलीत केली आणि आंघोळीचं पाणी तापवायच्या वेळी मधलं दार बंद. डासांची अगरबत्ती बंद, त्याऐवजी खिडकीला जाळी. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक जातात, म्हणून उन्हाळ्यात पुढच्या अंगणात रोज पाणी शिंपणं आणि फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसणं.

रात्रीच्या उबळींसाठी डॉक्टरांनी कोडीन असलेलं औषध लिहून दिलं, फक्त झोपताना. त्यानं सुस्ती आणि बद्धकोष्ठ होतो, म्हणून शौचाकडे लक्ष. फुफ्फुसात पाणी असताना खोकला दाबायचा नाही, तेव्हा त्या रात्री आधी श्वास मोजूनच डोस. थिओफायलिनचा विचार झाला आणि मागं पडला. श्वासनलिकेच्या आजारात त्याचा थोडा उपयोग होतो खरा, पण ठोके वाढतात आणि काही कुत्री रात्रभर येरझारा घालतात. जिमीच्या ठोक्यांना आणखी वेग नको होता.

उबळ जोरात येऊन कुत्रा क्षणभर कोलमडतो, पाय ताठ होतात, मग दहा-वीस सेकंदांत उठून इकडेतिकडे बघतो, असं एकदा झालं. ही फीट नसते. खोकल्यानं मेंदूचं रक्त क्षणभर कमी पडतं. तोंडात पाणी ओतू नये, जीभ धरू नये. मोबाइलवर चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवावं, कारण ठोक्यांची लय बिघडल्यामुळेही असंच होतं आणि तेव्हा ईसीजी लागतो.

शीत, मासळी आणि मीठ

जिमी आयुष्यभर घरचं शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, खात आला होता, वर खारवलेल्या बांगड्याची शेपटी. खाऱ्या मासळीत मिठाचं प्रमाण इतकं असतं की तेवढ्या तुकड्यानंही दिवसाचा हिशोब कोलमडतो. हुमणात कांदा, तो कुत्र्याच्या लाल पेशी फोडतो. पाव, पोळी, पापड, ग्लुकोज बिस्किट, फरसाण सगळं बंद. पण अगदी अळणी खाणंही एका रात्रीत लादू नये. हृदयरोगी कुत्र्यानं खाणं सोडलं तर तो मिठापेक्षा मोठा धोका. दहा दिवसांत हळूहळू बदल केला.

दिवसाला साधारण 540 कॅलरींचं गणित: शिजलेला भात दोन वाट्या, काटे काढून बिनमिठाची उकडलेली तारली किंवा बांगडा नाहीतर कोंबडी दीडशे ग्रॅम, थोडा दुधी किंवा लाल भोपळा. खोबऱ्याचं वाटण अगदी वासापुरतं. ही तात्पुरती सोय आहे. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं यात अपुरी पडतात, म्हणून पुढे निम्मं जेवण कमी मिठाच्या तयार खाद्याचं केलं. आजाऱ्याला शहाळं ही आपली रीत, इथं मात्र ती बाजूला ठेवली. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि स्पायरोनोलॅक्टोन-एनालाप्रिल घेणाऱ्या, मूत्रपिंडं नाजूक झालेल्या कुत्र्यात ते साठू शकतं.

वजन उतरवायचं ते हळू. आठवड्याला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नाही. पाठीचा कणा आणि मांड्यांवरचं मांस दर पंधरवड्याला हातानं चाचपायचं. पोट गेलं आणि मांड्या शाबूत राहिल्या तर ठीक, मांड्या आधी गेल्या तर आजार खातोय.

अडीअडचणीची तयारी

डिचोलीहून पणजी तीसेक किलोमीटर. पणजीतच टोंक इथं सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, पण रात्री-अपरात्री कुठं कोण हजर असतं हे आधीच फोन करून विचारून कागदावर लिहून फ्रिजवर लावायचं. त्याच कागदावर जिमीचं वजन, औषधं, डोस आणि शेवटचा क्रिएटिनिन. नव्या डॉक्टरला दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत. एरवी जिमी स्कूटरच्या पुढच्या फळीवर बसून सगळीकडे जायचा. दमलेल्या कुत्र्याला तसं नेऊ नये. धूळ, ऊन आणि ब्रेकचे हिसके, सगळंच वाईट. कारमध्ये एसी आधी पाच मिनिटं लावायचा, कुत्र्याला त्याला हवा तसा उभा किंवा बसू द्यायचा, कुशीवर झोपवायचं नाही, मांडीत दाबून धरायचं नाही. नाकातून गुलाबी फेस आला तर वेळ फारच थोडा उरलेला असतो.

सुनेला कातडीखाली फ्युरोसेमाइड टोचायला शिकवलं गेलं. खांद्याच्या मधली कातडी तंबूसारखी उचलायची, सुई जमिनीला समांतर, 1.8 मिली. दोन ॲम्पूल, दोन सिरिंज एका डब्यात, उजेडापासून दूर. गोळी गिळायच्या अवस्थेत नसलेल्या कुत्र्याला हीच सोय. वीज गेल्यावर पंख्यासाठी इन्व्हर्टरवर एक प्लग राखून ठेवला. मे महिन्याच्या दमट दुपारी हा प्लग किती उपयोगी पडला, ते कॅलेंडरवरच्या आकड्यांत दिसतं.

पुढचे महिने

जानेवारी ते एप्रिल श्वास 20-24, वजन 8.1, फिरणं सकाळी सातच्या आत दहा-पंधरा मिनिटं, आणि थांबायचं कधी ते जिमीनं ठरवायचं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आकडे 27, 29, 31, 32 असे चढले. खोकला त्या दिवसांत नेहमीपेक्षा कमीच होता. एक्स-रेत पुन्हा हलका ढगाळपणा. या वेळी फ्युरोसेमाइड वाढवणं बरोबर होतं: 30 मिग्रॅ दोनदा, म्हणजे पाऊण गोळी. आठ दिवसांनी रक्त, क्रिएटिनिन 1.6. श्वास 24 वर परत.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी पोट थोडं फुगलेलं वाटलं, पण सोनोग्राफीत पाणी निघालं नाही. स्पायरोनोलॅक्टोन तेवढंच ठेवलं. सध्या दिवसाचं फ्युरोसेमाइड किलोला साडेसात मिग्रॅच्या आसपास आहे. 8 ओलांडून गेलं आणि तरीही श्वास खाली येईना तर टप्पा ‘डी’, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा, समजून टोरासेमाइडवर न्यायचं ठरलंय. त्याचा डोस फ्युरोसेमाइडच्या दहावा-विसावा हिस्सा असतो. दोन्हीचे मिलिग्रॅम सारखेच समजून दिले तर मूत्रपिंडं पुन्हा तिथंच जातील. दर सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, डोस बदलला की आठवड्यानं जादा एकदा.

घरच्यांशी शेवटाबद्दलही बोलणं झालंय, आणि ते संकटाच्या रात्री न करता शांत दिवशी केलं हे बरं झालं. ठरलं ते असं: जादा डोस देऊनही दोन रात्री आडवं पडून झोप नाही, दोन दिवस हातानं भरवूनही खाणं नाही, किंवा एका महिन्यात तिसऱ्यांदा ऑक्सिजनसाठी पळावं लागलं, यातलं कुठलंही एक झालं तर डॉक्टरांना घरी बोलवायचं. फोन सुनेनं करायचा. म्हाताऱ्या आजोबांच्या खोलीतला पलंग जिमीची नेहमीची जागा आहे, तिथंच इंजेक्शन द्यायचं, दवाखान्यात न्यायचं नाही.